नांदुर्कीचं मिटलेलं पान



मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. झाडांच्या रोगांवर बोलण्याचा माझा अधिकार म्हणाल तर शून्य. तरीही आज मी एका झाडाच्या पानांविषयी बोलणार आहे. त्या पानांनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. माझी फजिती ऐकून तुमच्यापैकी एखाद्याचं झाड वाचलं, निदान दोन कळश्या पाणी वाचलं, तरी पुष्कळ झालं.

आमच्या अंगणात नांदरुकाचं झाड आहे. आमच्या भागात त्याला नांदुर्की म्हणतात. २००४ साली मी घर बांधलं, तेव्हा अब्बांनी कुठूनशी मनगटाएवढी फांदी आणली आणि फाटकाजवळ रोवली. मी म्हटलं, "अब्बा, एवढ्याशा अंगणात हे वडाच्या जातीचं झाड कशाला?" ते म्हणाले, "अंगण लहान आहे म्हणून सावली पण लहानच पाहिजे का?" फांदीला मुळं फुटली. झाड छपराच्या वर गेलं. २०१३ साली अब्बा गेले आणि झाड राहिलं. तेव्हापासून ते माझ्यासाठी नुसतं झाड नव्हतं, हे आपल्याला सांगायला नको.

वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरुक, अंजीर ही सगळी एकच भावकी. शास्त्रज्ञ या घराण्याला 'फायकस' म्हणतात. जगात त्याच्या आठशेहून अधिक जाती आहेत. रोपवाटिकेत नुसतं 'फायकस' म्हणून कुंडीतलं जे झुकत्या फांद्यांचं, चकचकीत पानांचं रोप मिळतं, तेही यातलंच. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, ही घराण्याची खूण. वटपौर्णिमेला वड पुजला जातो, औदुंबराखाली दत्तगुरू असतात, पिंपळाखाली गौतम बुद्धांना बोध झाला आणि कुरआनातल्या पंचाण्णवाव्या अध्यायाचं नावच मुळी 'अत्‌-तीन', म्हणजे अंजीर. एका भावकीत इतक्यांच्या श्रद्धा सुखानं नांदत आल्या आहेत.

आता मी आपल्याला २०१६ सालात नेतो. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जायचा, आता तो धाराशिव आहे. नाव काहीही असो, उन्हाळा तोच. लागोपाठ पाऊस हुकलेला. शेजारच्या लातूरला तर पाणी रेल्वेनं आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला पोचली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. आमच्या गल्लीतही नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. टँकर आला की बायका-पोरं घागरी, कॅन, बादल्या घेऊन धावायची. आमच्या घराच्या वाट्याला एका खेपेला दोन टिपाडं पाणी यायचं आणि ते पुढच्या टँकरपर्यंत पुरवायचं.

मार्चच्या अखेरीला नांदुर्कीला नवी पालवी फुटली. उन्हाळा तोंडावर आला की ही झाडं पालवतात, ही त्यांची रीत. पण त्या वर्षी पालवी उघडेचना. प्रत्येक कोवळं पान मधल्या शिरेवर दुमडलेलं, दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या, एखाद्या शेंगेसारखं मिटलेलं. वरून तांबूस-जांभळट ठिपके. मी बघितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. झाडाला पाणी नाही. अब्बांचं झाड तहानेनं मरतंय.

श्रोतेहो, मला दुसरं काही सुचलंच नाही. सुचणार तरी कसं? १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. अम्मी मला झोळीत टाकून खडी फोडायच्या कामावर जायची. सुकडीच्या आणि मिलोच्या भाकरीच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. आमच्या भागातल्या माणसाला गुरं बसली तरी पाणीच आठवतं, पोरगी रडली तरी पाणीच आठवतं. मग पान मिटलं तर पाणी आठवणारच.

मी रोज संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी दोन कळश्या पाणी ओतायला लागलो. पहिल्या दिवशी माझी बायको दारात उभी होती. ती कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी. घरात आम्ही दख्खनी बोलतो. तिनं एक डहाळी वाकवून पाहिली आणि म्हणाली, "ये तो मिर्ची के पत्ते जैसा हुआ जी. चुरडा-मुरडा पडता ना, वैसा दिखरा." मी म्हणालो, "हे झाड आहे, मिरची नाही. झाडाला पाणी पाहिजे." ती काही बोलली नाही. आत गेली.

चाळीस दिवस मी पाणी घातलं. कळशी दहा-बारा लिटरची धरली तर हिशेब नऊशे लिटरच्या आसपास जातो. ते पाणी कुठून येत होतं, हे मी विचारलं नाही. भांडी राखेनं घासून पुसून ठेवली जात होती. कपडे चौथ्या-पाचव्या दिवशी निघत होते. तिची स्वतःची आंघोळ एका तांब्यावर आली होती. हे सगळं मला दिसत होतं, पण मला वाटलं, दुष्काळ आहे, सगळ्यांच्याच घरी असं असेल. ती गप्प होती आणि तिचं गप्प राहणं मी होकार समजत होतो.

इकडे झाड सुधारेना. उलट नवीन कोंब भराभर फुटायचे आणि प्रत्येक कोंब मिटायचा. शेजारच्या काकू एक दिवस भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या झाडाची काळी चिलटं आमच्या वाळवणावर बसायलीत. अंगाला चावायलीत. वाळतंच आहे तर तोडून टाका ना." मी मनातून दुखावलो. दोन-तीन आठवडे आमचं दोन्ही घरांचं बोलणं तुटक झालं. आणि कवीनं दुखावल्यावर जे करावं तेच मी केलं. कविता लिहिली.

ती कविता अशी की, नांदुर्कीनं पावसासाठी हात जोडले आहेत, प्रत्येक पान म्हणजे दुआ मागणारी ओंजळ आहे. मेच्या मध्यावर एका तालुक्याच्या गावी कवीसंमेलन होतं. तिथे ती वाचली. लोक स्तब्ध झाले. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसताना मी पाहिले. सगळेच तहानलेले होते, त्यामुळे कविता सगळ्यांना आपली वाटली. मी खूश होतो.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टपरीजवळ एक तरुण आला. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा. ते विद्यापीठही १९७२ चं, म्हणजे दुष्काळाच्या सालातच सुरू झालेलं. तो अदबीनं म्हणाला, "सर, कविता फार आवडली. पण तुम्ही जे पान सांगितलं ना, मधल्या शिरेवर दुमडलेलं, ठिपके पडलेलं, ती तहान नाही. आत फुलकिडे असतील. घरी गेल्यावर एक पान उघडून बघा."

मी घरी आलो ते रात्री. बॅटरी घेऊन अंगणात गेलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक मिटलेलं पान नखानं उघडलं. आत पंधरा-वीस काळे, बारीक किडे होते, दाढीच्या तुटलेल्या केसाएवढे. त्यांच्यात फिकट पिवळी पिल्लं वळवळत होती. कडेला पांढरट अंड्यांचा पुंजका. एक भरलेलं घर होतं ते. आणि मी त्याला दुआ म्हणत होतो!

उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं आपण म्हणतो. पण कधी कधी काढावी लागतात. त्या तरुणानं नंतर मला बरंच समजावून सांगितलं. पुढे मीही वाचत गेलो. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

फुलकिड्यांना इंग्रजीत थ्रिप्स म्हणतात. एक असला तरी थ्रिप्स आणि हजार असले तरी थ्रिप्सच. जगात त्यांच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. कांदा, मिरची, द्राक्ष करणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना हे पाहुणे चांगले ठाऊक आहेत. या किड्याच्या पंखांना केसांची झालर असते आणि तोंडात एकच जबडा वाढलेला असतो, तोही डावा. त्या एका सुळ्यानं तो पानाला भोक पाडतो आणि रस शोषतो.

नांदरुकावर येणाऱ्या जातीचं नाव गायनायकोथ्रिप्स फायकोरम. १९०८ साली मार्शाल नावाच्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं अल्जीरियातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. कुंडीतल्या फायकसवर याचाच सख्खा भाऊ येतो, गायनायकोथ्रिप्स उझेली. किडा आणि झाड दोन्ही मूळचे आपल्या आशियातले. माणसानं शोभेसाठी झाड जगभर नेलं, त्याच्याबरोबर किडाही गेला. गंमत म्हणजे अमेरिकेत आपल्या नांदुर्कीला 'क्यूबन लॉरेल' म्हणतात आणि किड्याला 'क्यूबन लॉरेल थ्रिप्स'.

पान मिटतं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. किडा पूर्ण वाढलेल्या पानाला दुमडू शकत नाही. तो कोवळं पान गाठतो. वरच्या बाजूनं टोचे मारतो. जिथे टोचलं तिथली वाढ बिघडते, खालची बाजू मात्र वाढत राहते. एक बाजू थांबली आणि दुसरी चालत राहिली की पानाला घडी पडणारच. त्या घडीत किडे अंडी घालतात. ऊन लागत नाही, वारा लागत नाही, फवारलेलं औषधसुद्धा आत नीट पोचत नाही. एकदा पडलेली घडी किडे गेले तरी उलगडत नाही. आणि हो, हे किडे माणसाला बारीक चावाही घेतात. काकू खोटं बोलत नव्हत्या.

आता सर्वांत टोचणारी गोष्ट. या किड्यांना कोवळी पालवी हवी असते. झाडाला भरपूर पाणी आणि खत दिलं, सारखी छाटणी केली, की कोंब लुसलुशीत फुटतात आणि किड्यांची चंगळ होते. म्हणजे घरातल्या बाईच्या तोंडचं पाणी काढून मी झाडाला घालत होतो, आणि झाडाच्या आडून ते किड्यांना पोचत होतं.

तहानेनं मिटलेलं पान आणि किड्यानं मिटलेलं पान ओळखायचं कसं? सोपं आहे. तहान लागली तर सगळं झाड सुकतं. जुनी पानं माना टाकतात, पिवळी पडतात, गळतात. किडा असला तर जुनी पानं धडधाकट, हिरवीगार असतात आणि फक्त शेंड्याची नवी पानं दुमडलेली असतात. माझ्या झाडाची जुनी पानं चकचकीत होती. मी रोज त्यांच्याखाली उभा राहून पाणी ओतत होतो, पण वर बघत होतो ते फक्त शेंड्याकडे. कुंडीतल्या फायकसची आणखी एक तऱ्हा आहे. जागा बदलली, सावलीतून उन्हात किंवा उन्हातून खोलीत नेलं, की ते रुसतं आणि पानं गाळतं. तिथेही लोक घाबरून पाणी घालतात. मग कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात आणि पानं आणखी गळतात.

आणि काही वेळा तर पान वळलेलं असणं हा रोगच नसतो. कृष्णवड नावाचं एक झाड बागांमधून लावलेलं दिसतं. त्याच्या पानाचा देठाकडचा भाग वळून द्रोण झालेला असतो. बाळकृष्णानं त्या द्रोणात लोणी लपवलं, अशी लोककथा आहे. कासिमिर द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला वेगळी जात मानून 'फायकस कृष्णी' असं नाव दिलं. पुढे कॉर्नर यांनी तो वडाचाच एक प्रकार ठरवला. त्या द्रोणात ना किडा असतो ना तहान. तो त्या झाडाचा स्वभावच आहे.

मग उपाय काय केला? त्या तरुणानं सांगितलं, "सर, घाबरू नका. या किड्यानं सहसा झाड मरत नाही, फक्त विद्रूप दिसतं. तोडू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावली. हाताला येतील तेवढे दुमडलेले शेंडे खुडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, तोंड घट्ट बांधलं आणि पिशव्या कडक उन्हात ठेवल्या. खुडलेली पानं झाडाखालीच टाकली तर किडे पुन्हा वर चढतात. नव्या कोंबांवर निंबोळी अर्क मारला. कोंब उघडे असताना मारला तरच त्याचा उपयोग, घडी पडल्यावर नाही. जहाल औषध मात्र मारलं नाही. कारण या किड्यांना खाणारे छोटे ढेकणाच्या जातीचे कीटक असतात. तेही त्या घडीत शिरून शिकार करतात. हवाई बेटांनी १९६४ साली असा एक कीटक मुद्दाम फिलिपाइन्समधून आणून सोडला होता. आपल्याकडे असे मित्रकीटक निसर्गातच असतात. आपण विष फवारलं की आधी तेच मरतात.

पिशव्या भरून झाल्यावर मी शेजारी गेलो. काकूंना म्हणालो, "काकू, तुमचं बरोबर होतं, किडे होते. आता वाळवणावर बसले तर मला हाक मारा." काकू हसल्या. "आधी चहा घ्या," म्हणाल्या. त्या दिवसांत कुणी कुणाला सहज चहा विचारत नव्हतं, कारण चहालाही पाणी लागतं.

मग घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती. मी एक पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "पहले दिनच बोली थी ना मैं." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मी विचारलं, "मग नंतर का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "अब्बांचं झाड म्हणून तुम्ही पाणी घालत होता. मी नको म्हटलं असतं तर उद्या झाड वाळल्यावर तुम्हाला काय वाटलं असतं?"

मिरचीच्या पानाचं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या माहेरी मिरचीचा वाफा असायचा. फुलकिड्यानं मिरचीचं पान वरच्या बाजूला वळतं, कोळ्यानं खालच्या बाजूला वळतं, हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं. विद्यापीठाच्या पुस्तकातही हेच आहे. जे ऐकायला मी पन्नास किलोमीटर जाऊन, कविता वाचून, टाळ्या घेऊन आलो, ते माझ्या दारात चाळीस दिवस उभं होतं.

श्रोतेहो, त्यानंतर जूनमध्ये रमजान आला. आम्ही वजूचं पाणी परातीत धरायला लागलो आणि तेवढंच झाडाला घातलं. नांदुर्कीला ते पुरलं. तिची मुळं खोल असतात, ती आपली सोय आपण बघते. सप्टेंबरमध्ये पाऊस दणकून झाला. झाडाला नवी पानं आली ती उघडी, सपाट, चकचकीत. जुनी दुमडलेली होती तशीच राहिली आणि काळानं गळून गेली.

ती कविता मी पुन्हा वाचली नाही. कुणी आग्रह केला तर कविता न वाचता ही हकिगत सांगतो. कविता खोटी होती असं मी म्हणणार नाही, माझी तहान खरी होती. पण ती झाडाची नव्हती. आपल्याला जे दुःख पाठ असतं, तेच आपण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतो. समोरचा मिटलेला दिसला की आपण ठरवून टाकतो, याला हेच झालं असणार, आणि लगेच आपल्याजवळचं औषध ओतायला लागतो. आधी जवळ जावं, एक पान हळूच उघडावं. आणि शेजारी कुणी मिरची केलेली बाई उभी असेल तर तिला विचारावं.

२०१८ मध्ये पाऊस हुकला, २०२३ मध्ये पुन्हा हुकला. दर उन्हाळ्यात झाडाची पाच-पन्नास पानं अजूनही मिटतात. यंदाही मिटली. मी डहाळी वाकवून बायकोला हाक मारली. तिनं चष्मा लावला, पान उघडलं, उन्हात धरलं आणि म्हणाली, "हैं." मग मी शिडी आणायला गेलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)